शाळेची शिस्त आणि आपल्या मुलांचे हक्क: पालकांनी नेमकं काय विचारावं?

शाळेच्या डायरीत लाल शाईने ‘पालकांना भेटायला पाठवा’ असं लिहून आलं की आपल्याकडे बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर अब्बा मुलालाच दोन फटके देतात आणि अम्मी शाळेत जाऊन माफी मागून येते. नाहीतर घरातली माणसं तावातावाने शाळेत जातात, मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये आवाज चढतो आणि आठवड्याभरात मुलाचा दाखला हातात पडतो. शिक्षा कोणत्या नियमाखाली झाली, हे शांतपणे आणि लेखी विचारण्याचा तिसरा रस्ताही आहे. तो फार थोडे लोक धरतात. हा लेख त्या रस्त्याबद्दल आहे.

आधी एक स्पष्ट करू. शाळेत शिस्त नको, असं आमचं म्हणणं नाही. उशिरा येणं, मारामारी, वर्गात मोबाइल, कॉपी यांवर शाळेने कारवाई केलीच पाहिजे. चूक आपल्या मुलाची असेल तर ती आपल्यालाही मान्य करता आली पाहिजे. पण कारवाई योग्य ठरायला तीन गोष्टी लागतात: नियम आधीपासून लिहिलेला असावा, तो सगळ्यांना सारखा लागू व्हावा आणि शिक्षा देण्याआधी मुलाचं ऐकून घेतलेलं असावं. यातली एक जरी नसली तरी प्रश्न विचारायचा हक्क पालकांना आहे.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, म्हणजे आपण ज्याला ‘आरटीई’ म्हणतो, तो आपल्याला फक्त २५ टक्के राखीव प्रवेशांसाठी ठाऊक असतो. एप्रिल-मे आला की लॉटरीची चर्चा होते आणि नंतर सगळे तो कायदा विसरतात. खरं तर प्रवेश झाल्यानंतरच्या आठ वर्षांसाठी त्यात बरंच काही आहे.

कलम १७ सांगतं की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा देता येणार नाही आणि त्याचा मानसिक छळही करता येणार नाही. जो हे करेल त्याच्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असंही त्यात आहे. ‘छडी लागे छमछम’ या समजुतीवर वाढलेल्या आपल्या पिढीला पहिला भाग चटकन समजतो. दुसऱ्या भागाकडे मात्र दुर्लक्ष होतं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने शाळांमधील शारीरिक शिक्षेबाबत जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मानसिक छळाबरोबर भेदभावाचाही विचार केलेला आहे. मुलाच्या घराण्यावरून, समाजावरून टोमणे मारणं, नावं ठेवणं, वर्गासमोर अपमान करणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे ‘तुम्ही लोक असेच’ हे वर्गात उच्चारलेलं वाक्य साधा टोमणा म्हणून सोडून देण्यासारखं नाही. त्याबद्दल तक्रार करता येते. फी राहिली म्हणून मुलाला दिवसभर वर्गाबाहेर उभं करणं हाही आमच्या मते मानसिक छळच आहे. पालकांच्या देण्याची शिक्षा मुलाला कशाला?

कलम १६ तितकंच महत्त्वाचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही, ही तरतूद तशीच राहिली. हे शाळांना चांगलं माहीत असतं. म्हणूनच ‘काढलं’ असं कुणी लिहून देत नाही. ‘तुम्हीच दाखला काढून घ्या, मुलाचं रेकॉर्ड खराब होणार नाही’ असं सुचवलं जातं, अर्ज पालकांच्या सहीने होतो आणि कागदावर सगळं राजीखुशीचं दिसतं. असा अर्ज पुढे आला तर त्या दिवशी सही करू नका. घरी विचार करून सांगतो म्हणा. शाळेला मूल खरंच नको असेल तर शाळेने ते कारणासह लेखी द्यावं.

उलट बाजूनेही कायदा मदतीला येतो. तुम्हाला स्वतःलाच शाळा बदलायची असेल तर कलम ५ नुसार मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो, आणि दाखला उशिरा मिळाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

आता धर्माशी जोडलेल्या गोष्टी. राज्यघटनेचं कलम २५ धर्मस्वातंत्र्याचं आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं. शाळेच्या बाबतीत कलम २८ चा तिसरा भाग जास्त उपयोगी पडतो आणि तो फारसा कुणी वाचत नाही. सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला भाग पाडता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. त्यामुळे एखाद्या उपक्रमाबद्दल तुमची हरकत असेल तर मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका. गैरहजेरी लागते आणि हरकत नोंदलीच जात नाही. त्याऐवजी चार ओळींचं पत्र द्या आणि मूल शाळेतच राहू द्या.

न्यायालयांसमोर आलेली प्रकरणं

या विषयावरचा सगळ्यात मोलाचा निकाल मुस्लिम मुलांचा नाही. केरळमधल्या तीन भावंडांचा आहे. ती यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाची होती. शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आलं. उच्च न्यायालयात ती हरली. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात त्यांना परत शाळेत घ्यायला सांगितलं. न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या या निकालातला एक मुद्दा प्रत्येक पालकाने लक्षात ठेवावा: शिक्षण खात्याच्या ज्या परिपत्रकांवर शाळा बोट ठेवत होती, त्यांना कायद्याचा आधारच नव्हता, आणि अशा परिपत्रकाने मूलभूत हक्क हिरावता येत नाहीत. ‘वरून ऑर्डर आहे’ हे उत्तर मिळालं की ती ऑर्डर कुणाची, कोणत्या तारखेची, कोणत्या कायद्याखालची, हे विचारायचं ते याच कारणासाठी. त्या मुलांची वागणूक चांगली होती, त्यांनी कुणाचा अनादर केला नव्हता, ही गोष्टही न्यायालयाने विचारात घेतली. हेही ध्यानात असू द्या.

दुसरं प्रकरण मुझफ्फरनगरचं. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथल्या एका खासगी शाळेत गृहपाठाच्या कारणावरून शिक्षिकेने एका सात वर्षांच्या मुस्लिम मुलाला वर्गातल्याच मुलांकडून थपडा मारायला लावल्या आणि त्याच्या धर्माबद्दल बोलल्या. तो व्हिडिओ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला, पुढे पाठवला. पुढे काय झालं ते फार कमी लोकांना माहीत आहे. मुंबईत राहणारे, महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात घेऊन गेले. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि पंकज मिथल यांच्या पीठाने उत्तर प्रदेश सरकारला खडे बोल सुनावले. केवळ विशिष्ट समाजाचा म्हणून एखाद्या मुलाला शिक्षा होत असेल तर त्याला दर्जेदार शिक्षण म्हणता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. तपासावर वरिष्ठ आयपीएस अधिकाऱ्याची देखरेख ठेवण्यास सांगितलं गेलं. मुलाला आणि ज्यांना मारायला लावलं त्या वर्गमित्रांनाही समुपदेशन द्यायला लावलं. शिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा इथपर्यंत निर्देश गेले. मारणारी मुलंही या प्रकारात दुखावली गेली, हे न्यायालयाने ओळखलं. आपल्याकडच्या चर्चेत हा विचार क्वचितच ऐकू येतो.

त्याच प्रकरणातली एक सावधगिरीची गोष्ट. मुलाची ओळख उघड केल्याबद्दल एका पत्रकारावर गुन्हा दाखल झाला. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा प्रसिद्ध करायला मनाई करतं. म्हणून शाळेत काही घडलं की व्हिडिओ मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकू नका. तो जपून ठेवा, तक्रारीला जोडा.

हिजाबबद्दल बरेच गैरसमज आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी वर्गातल्या हिजाबबंदीच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी दोन न्यायमूर्तींची मतं वेगवेगळी झाली. न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी योग्य ठरवली, तर न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न सगळ्यात आधी ठेवून ती रद्दबातल मानली. त्यामुळे देशभर लागू होईल असा अंतिम निकाल या प्रश्नावर झालेला नाही. महाराष्ट्रात चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज यांवर बंदी घातली. मुंबई उच्च न्यायालयाने २६ जून २०२४ रोजी विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशातल्या हिजाब, टोपी आणि बॅजच्या भागाला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा घालायला मात्र परवानगी दिली नाही. मग टिळा किंवा टिकलीही बंद करणार का, असा प्रश्न न्यायालयाने तेव्हा विचारला होता. ते प्रकरण महाविद्यालयाचं होतं आणि स्थगिती अंतरिम होती. शाळेत गणवेश ठरवायचा अधिकार व्यवस्थापनाला असतो. तेव्हा दहावीपर्यंतच्या मुलीसाठी गणवेशाच्याच रंगाचा स्कार्फ चालेल का, असा अर्ज वर्ष सुरू होण्याआधी देणं हे फेब्रुवारीत गेटवर वाद घालण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि उत्तर नकारार्थी आलं तर? इथे आमचं मत स्पष्ट आहे. मुलीला घरी बसवू नका. शाळा बदला, तक्रार करा, कोर्टात जा, पण नाव कमी करून ‘आता बघू’ म्हणू नका. आठवी-नववीत घरी बसलेली मुलगी परत शाळेत जाणं फार कठीण असतं.

तक्रार कशी करायची

घटना झाली त्याच दिवशी लिहून काढा: तारीख, तास, कोण काय म्हणालं, कोण हजर होतं. मुलाला त्याच्या शब्दांत सांगू द्या, आपण शब्द पुरवू नका. अंगावर वळ असतील तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा आणि केसपेपर घ्या. दुसऱ्या दिवशी गेलात तरी चालतं, पण चौथ्या दिवशी वळ राहत नाहीत आणि मग तोंडी शब्दावरच भांडावं लागतं.

पहिला अर्ज मुख्याध्यापकांना. भाषा साधी हवी. ‘माझा मुलगा, इयत्ता सहावी, याला अमुक तारखेला अमुक शिक्षा देण्यात आली. ती शाळेच्या कोणत्या लेखी नियमानुसार देण्यात आली, मुलाची बाजू कुणी व केव्हा ऐकली, आणि याच कारणासाठी इतर विद्यार्थ्यांवर काय कारवाई झाली, याची माहिती सात दिवसांत लेखी द्यावी.’ बस, एवढंच. आरोप नको, धर्माचा उल्लेख असलाच तर बोलले गेलेले शब्द जसेच्या तसे. दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा’ म्हणाले तर ठेवून येऊ नका. पोस्टाने रजिस्टर एडी करा. आमच्या अनुभवात निम्मी प्रकरणं या एका कागदावर मिटतात, कारण असं लेखी विचारणारं कुणी येईल अशी शाळेची अपेक्षाच नसते.

नाही मिटलं तर वरची पायरी. जिल्हा परिषदेच्या भागात आधी गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी. प्राथमिकसाठी आणि माध्यमिकसाठी वेगवेगळे असतात. मुंबईत माध्यमिक शाळांसाठी शिक्षण निरीक्षकांचं कार्यालय, महापालिकेच्या शाळांसाठी पालिकेचा शिक्षण विभाग. आरटीईच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार केली तर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. आयोगाला चौकशीत दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तो शाळेला बोलावू शकतो, कागद मागवू शकतो. मात्र शेवटी तो शिफारस करतो, फार मोठ्या अपेक्षा ठेवू नका. तरी आयोगाची नोटीस आली की शाळेची भाषा बदलते.

शाळा अनुदानित असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांत शिस्तीचे नियम आणि झालेल्या कारवाईची माहिती मागता येते; तीस दिवसांत उत्तर यायला हवं. गंभीर मारहाण असेल तर पोलीस. भारतीय न्याय संहितेचं कलम ११५ दुखापतीचं आहे आणि मुलाची देखरेख ज्याच्याकडे आहे त्याने क्रूरपणे वागवलं तर बाल न्याय अधिनियमाचं कलम ७५ लावण्याची मागणी करता येते. लैंगिक स्वरूपाचं काहीही असेल तर शाळेच्या चौकशीची वाट न पाहता थेट पॉक्सोखाली तक्रार. तिथे तडजोडीला जागाच नाही, मग समोर कुणीही असो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे. वकिलाच्या खर्चाची भीती वाटत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

आपल्या स्वतःच्या शाळा

हा भाग लिहिताना थोडं अवघड वाटतं, पण तो टाळला तर लेख अर्धवट राहील.

६ मे २०१४ रोजी प्रमती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की आरटीई कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित. मदरसे तर २०१२ च्या दुरुस्तीनेच त्या कायद्याबाहेर ठेवले गेले आहेत. आपल्या संस्थांची स्वायत्तता वाचली म्हणून तेव्हा समाधान व्यक्त झालं. पण त्याच निकालाने कलम १६ आणि १७ चं छत्रही आपल्याच शाळांत शिकणाऱ्या आपल्याच मुलांवरून गेलं, याची चर्चा कुठे झाली? महाराष्ट्रातल्याच अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. दीपांकर दत्ता आणि न्या. मनमोहन यांच्या पीठाने प्रमती निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो मुद्दा मोठ्या पीठाकडे विचारासाठी पाठवायला सांगितलं. त्याचा निर्णय होईल तेव्हा होईल. मारहाणीचे फौजदारी कायदे मात्र आपल्या शाळांना आणि मदरशांना आजही लागू आहेत. तिथे कुणालाच सूट नाही.

‘उस्ताद की मार से इल्म आता है’ हे वाक्य आपल्याकडे अजून अभिमानाने सांगितलं जातं. हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षं प्रेषित मुहंमद (स.) यांची सेवा केली आणि त्या काळात त्यांनी आपल्याला कधी ‘उफ्’सुद्धा म्हटलं नाही, असं ते सांगत. ही रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. ती मिंबरवरून ऐकायची आणि हिफ्जच्या वर्गात छडी चालू द्यायची, हे कसं जुळतं ते व्यवस्थापनातल्या मंडळींनीच सांगावं.

आपल्या समाजाच्या संस्था चालवणाऱ्यांना कायद्याची वाट पाहायची गरज नाही. जूनआधीच्या सभेत एका पानाचा ठराव पुरे: मारहाण आणि अपमान बंद, शिक्षेचे नियम उर्दू आणि मराठीत फलकावर, निलंबनाआधी पालकांसमोर मुलाचं म्हणणं ऐकून त्याची नोंद, आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत किमान दोन माता. विश्वस्तांचे नातेवाईक नकोत, हेही त्यात लिहिलं तर बरं.

आणखी एक प्रकार इतर शाळांत चालतो तसाच आपल्याही शाळांत चालतो. नववीत कच्चं किंवा ‘त्रासदायक’ मूल दिसलं की त्याला दाखला देऊन सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगितलं जातं, म्हणजे दहावीला ते बाहेरून बसेल आणि शाळेचा निकाल शंभर टक्के लागेल. आठवी संपल्यामुळे आरटीईचं संरक्षण तिथे कुठल्याच शाळेत उरत नाही. सतरा नंबर ज्यांची शाळा सुटली आहे त्यांच्यासाठी चांगली सोय आहे, पण शाळेत रोज येणाऱ्या मुलासाठी ती नाही. नववीच्या निकालानंतर शाळेने असं सुचवलं तर दोन गोष्टी लेखी मागा: मुलाच्या वर्षभराच्या गुणांची आणि हजेरीची प्रत, आणि कच्च्या विषयांसाठी शाळेने वर्षभरात काय जादा तास घेतले त्याची माहिती. मे महिन्यात अर्ज द्या, कारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुकड्या भरलेल्या असतात आणि ‘आता जागा नाही’ हे उत्तर तयार असतं.